वावरातली ‘ट्रामची पार’ ओळखायची कशी, आणि ती तिथे आली कुठून

तारसा बाजूच्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलं आहे: “आमच्या धानाच्या बांध्यांमधून गवताने भरलेला एक लांब उंचवटा जातो. आबाजी त्याला ‘ट्रामची पार’ म्हणतात. ट्राम तर मुंबई-कलकत्त्याची. मौदा-रामटेकच्या वावरात ती कशी आली? लोक म्हणतात खाणीची होती, पण आमच्या गावात तर खाण नाही. आणि ती पेंचच्या कालव्याचीच जुनी पाळ नसेल कशावरून?”

मी आधी मँगनीजच्या आणि नंतर कोळशाच्या खाणीत सर्व्हेअर म्हणून नोकरी केली, तेहतीस वर्षं. रुळाचा उतार काढणं, लाईन आखून देणं हे माझं रोजचं काम होतं. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात देणं मला जमणार नाही.

आबाजी बरोबर सांगतात. तुमच्या भागात ट्रामवे होती याचा छापील पुरावा आहे. १९०८ च्या सुमारास छापलेल्या सरकारी गॅझेटियरात नागपूर जिल्ह्याच्या मँगनीज खाणींची नोंद आहे. तारसा स्टेशनपासून वारेगाव आणि मांद्री या गावांपर्यंत माल वाहण्यासाठी सुमारे १५ मैलांची हलकी ट्रामवे टाकली आहे, असं त्यात म्हटलं आहे. १५ मैल म्हणजे २४ किलोमीटर. तुमच्या गावात खाण नसली तरी खाणीचा रस्ता तुमच्या गावावरून गेला असू शकतो. ट्रामवे असते तीच मुळी दोन टोकं जोडायला: एका टोकाला डोंगरी, दुसऱ्या टोकाला स्टेशन, आणि मधली सगळी वावरं दुसऱ्यांची.

‘ट्राम’ या शब्दाने तुमचा घोटाळा झाला, तसा बहुतेकांचा होतो. शहरात सडकेवरून माणसं नेणारी गाडी म्हणजे ट्राम, हा अर्थ नंतरचा. शब्द मूळचा खाणीचाच. पूर्वी त्याचा अर्थ लाकडी दांडा, तुळई असा होता. पुढे त्या दांड्यांवरून ढकलायच्या गाडीला आणि मग अख्ख्या रस्त्याला ट्राम म्हणू लागले. आपल्याकडे तो अजून जिवंत आहे. वर्धा खोऱ्यातल्या भूमिगत कोळसा खाणीत टब, म्हणजे रुळावरचा मालाचा छोटा डबा, ढकलणाऱ्या कामगाराला आजही ‘ट्रामर’ म्हणतात. पगाराच्या प्रवर्गात तसं पद आहे. मी कामावर असताना हजेरीच्या रजिस्टरात रोज वाचायचो: ट्रामर, हॉलेज खलासी, लाईन मिस्त्री.

कायद्यातही फरक होता. १८८६ चा ट्रामवे कायदा वेगळा आणि १८९० चा रेल्वे कायदा वेगळा. रेल्वे म्हटलं की तपासणी, सिग्नल, कुंपण, फाटक असा मोठा खर्च मागे लागायचा. सडकेच्या कडेने हलके रूळ टाकायचे तर प्रांतिक सरकारच्या हुकमावर भागायचं, आणि खाणवाल्याच्या स्वतःच्या पट्ट्यात तर तोच मालक. म्हणून त्या काळच्या कागदांत खाणीच्या छोट्या लाईनला बहुधा ‘ट्रामवे’ म्हटलेलं सापडतं, मग तिच्यावर इंजिन चालो, बैल चालोत की माणसं ढकलोत.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मँगनीजचा दगड हातात घेऊन बघा, काळा, ओशट आणि आकाराच्या मानाने फार जड. पाण्याच्या चौपट किंवा त्याहूनही जड. सोन्या-चांदीसारखा किमती मात्र नाही. त्याचे पैसे टनावर मिळतात आणि गिऱ्हाईक समुद्रापार. अशा मालाची खाण चालते की बुडते हे दगड किती चांगला आहे त्यापेक्षा तो स्टेशनपर्यंत किती आण्यांत पोचतो यावर ठरतं. माझ्या नोकरीत मी चांगला माल असलेल्या जागा वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या पाहिल्या आणि हलक्या दर्जाच्या जागा सायडिंग, म्हणजे रेल्वेत माल भरायची बाजूची लाईन, जवळ म्हणून जोरात चाललेल्या पाहिल्या. दूरच्या खाणीचा खरा खजिना म्हणजे तिची वाट. जगात कुठल्याही आडरानातल्या खाणीचा इतिहास काढा, तिथे आधी रुळाचा हिशेब दिसेल आणि मग दगडाचा.

तो हिशेब आपल्याच मातीवर करू. समजा मांद्रीकडच्या एका खाणीतून रोज ५० टन माल निघतो. बैलबंडीत कच्च्या वाटेवर अर्धा टन धरा. म्हणजे रोज १०० बंड्या. जायला एक दिवस आणि रिकामी परत यायला एक दिवस, म्हणजे कामावर २०० बंड्या आणि ४०० बैल. पेरणीच्या दिवसांत शेतकरी बंडी देत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक आसापर्यंत रुततं, त्यामुळे चार महिने सगळा माल डोंगरीच्या पायथ्याशी ढीग लावून ठेवावा लागतो. कर्जाचं व्याज मात्र पावसाळ्यातही चालू असतं.

रूळ टाकला की काय बदलतं? कच्च्या वाटेवर एक टन वजन नुसतं सरकवायला साधारण ५० किलोची ओढ लागते. चिखलात त्याच्या दुप्पट-तिप्पट. लोखंडी रुळावर लोखंडी चाक, जुन्या पद्धतीचं साधं बेअरिंग धरलं तरी, १० किलोत काम होतं. बैलजोडी दिवसभर ६० किलोची ओढ सहज देते. सपाट रुळावर ती जोडी सहा टनांचं ओझं नेईल. टबांचं वजन वजा केलं तरी चार टन माल, म्हणजे एका जोडीने आठ बंड्यांचं काम केलं.

याच्याही पुढची किमया उताराची आहे, आणि सर्व्हेअर म्हणून माझा जीव तिच्यात अडकला तो कायमचा. खाणीच्या लाईनवर भरलेला माल एकाच दिशेने जातो आणि रिकामे डबे उलट दिशेने परततात. मग लाईन सपाट कशाला ठेवायची? भरलेल्याच्या बाजूने थोडा उतार द्यायचा. किती? टब अर्ध्या टनाचा आणि त्यात एक टन माल धरा. २०० फुटांत एक फूट उतार दिला तर भरलेला दीड टनाचा टब खाली न्यायला साडेसात किलोची ओढ लागते. रिकामा अर्ध्या टनाचा टब वर आणायला, तंतोतंत, तीच साडेसात किलो लागते. जाताना आणि येताना माणसाला सारखाच जोर. १०० फुटांत एक फूट दिला तर भरलेला टब एकदा हलला की कुणी न ढकलता स्वतःच चालत राहतो, तेव्हा मागे ब्रेकवर माणूस हवा. म्हणून ‘दोनशेत एक’ हा आकडा खाणीतला जुना लाईन मिस्त्री कागद न बघता सांगायचा. पाण्याची पातळी धरलेली नळी आणि दोरी एवढ्यावर तो उतार काढायचा, आणि माझ्या लेव्हल यंत्राने तपासलं तर फार तर बोटभर फरक निघायचा. त्या मिस्त्रींकडून मी जे शिकलो ते डिप्लोमाच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

रामटेकच्या डोंगररांगेकडून जमीन दक्षिणेला सूर-कन्हानच्या खोऱ्याकडे उतरत येते. तारसा खाली आहे आणि खाणी वर. म्हणजे निसर्गानेच भरलेल्या मालाला उताराची बाजू दिलेली. लाईन आखणाऱ्याने एवढंच करायचं की तो उतार कुठे तुटू द्यायचा नाही. खोलगट जागी भर घालायची, उंचवट्यावर खोदायचं. तुमच्या बांध्यांमधली पार ही बहुधा अशीच खोलगट जागेतली भर आहे. म्हणूनच ती मध्येच सुरू होते आणि मध्येच संपते. जिथे जमीन आपसूक योग्य उताराची होती तिथे भर घातलीच नव्हती, आणि तिथली खूण नांगराने कधीच पुसली.

डोंगरीच्या अगदी तोंडाशी उतार एवढा सौम्य नसतो. तिथे ‘इन्क्लाईन’ असतं: डोंगराच्या अंगावर सरळ आखलेली रुळाची जोडी, माथ्यावर मोठा ड्रम, ड्रमला ब्रेक आणि तारेचा दोर. भरलेले टब खाली उतरताना दुसऱ्या टोकाचे रिकामे वर खेचतात. इंजिन नको, कोळसा नको. याच्या इतकी साधी आणि याच्या इतकी धोक्याची गोष्ट खाणीत दुसरी नाही. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एका खाणीत मी खालच्या वळणाजवळ माप घेत होतो. वर कडी निसटली. आधी आवाज नव्हता, फक्त पायाखालचा रूळ किणकिणला. शेजारच्या जुन्या ट्रामरने माझा दंड धरून मला नालीत ओढलं, आणि दोन भरलेले टब आम्ही उभे होतो तिथून गेले. माथ्यावरचा स्टॉप ब्लॉक, म्हणजे टब अडवणारा अडसर, उघडा राहिला होता. तो बंद असल्याची सही मात्र त्या पाळीच्या वहीत होती. तेव्हापासून मी रुळावर उभं राहून कधी माप घेतलं नाही, आणि माझ्या हाताखालच्या पोरांना घेऊ दिलं नाही.

हे सगळं इंग्रजांनी इथे येऊन शोधलं असं नाही आणि एका दिवसात झालं असंही नाही. मध्य युरोपातले खाणकामगार लाकडी फळ्यांवरून खुंटीच्या आधाराने छोटी गाडी ढकलत, त्याची चित्रं १५५६ च्या छापील ग्रंथात आहेत. इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळ वोलाटनला कोळशासाठी लाकडी रुळाची वाट १६०४ मध्ये तयार झाली. कोलब्रुकडेलला १७६७ मध्ये लाकडावर ओतीव लोखंडाच्या पट्ट्या आल्या. १८०४ मध्ये ट्रेव्हिथिकचं वाफेचं इंजिन धावलं तेही वेल्समधल्या पेनिडॅरनच्या लोखंड कारखान्याच्या ट्रामवेवर. म्हणजे आगगाडी ही खाणीच्या ट्रामवेची लेक आहे. वेल्सच्याच फेस्टिनियॉगला १८३६ पासून सुमारे दोन फुटी रुळावरून पाटीचा दगड गुरुत्वावर बंदराला उतरायचा. घोडे शेवटच्या डब्यात उभे राहून खाली यायचे आणि रिकामे डबे ओढत वर न्यायचे. वर सांगितलेला भरल्या-रिकाम्याचा हिशेब तिथेही तोच.

आपल्या देशातली रुळांची पहिली वाटही याच जातीची. ठाण्याच्या गाडीआधी १६ वर्षं, १८३७ मध्ये, मद्रासजवळ रेड हिल्सला रूळ पडले ते सडकेसाठी लागणारा दगड वाहायला. प्रवाशांसाठी नाही. शाळेत १८५३ एवढंच शिकवतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मग १८७५ नंतर फ्रान्समध्ये देकोव्हिल नावाच्या शेतकरी-कारखानदाराने रूळ आणि पोलादी स्लीपर आधीच जोडून शिडीसारखे तुकडे तयार केले. दोन माणसांनी उचलायचे, जमिनीवर टाकायचे, पुढच्याला जोडायचे. खाण संपली की उचलून पुढच्या डोंगरीला. आपल्या मँगनीजला हे अगदी बेतल्यासारखं होतं, कारण आपला माल कोळशासारखा सलग थरात पसरलेला नाही. रामडोंगरी, गुमगाव, कांद्री, मनसर, सातक, बेलडोंगरी, लोहडोंगरी, काचुरवाही, वारेगाव, मांद्री, गुगुलडोह, भंडारबोडी अशी तुटक तुटक टेकाडांची माळ आहे. काही टेकाडं चार-सहा वर्षांत संपायची, काही शंभर वर्षांनंतरही चालू आहेत. अशा ठिकाणी पक्की रेल्वे कोण बांधणार?

याच्या उलट उदाहरण आपल्याच भागात आहे. वरोऱ्याची कोळसा खाण सरकारने १८७१ ला सुरू केली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून थेट ब्रॉडगेज नेली. जाड थर, बारमाही माल, आणि गिऱ्हाईक खुद्द रेल्वे. तिथे मोठा रूळ परवडला. ती खाण १९०६ मध्ये बंद झाली, पण रूळ पुढे बल्लारपूरकडे गेला आणि आज दिल्ली-चेन्नईच्या गाड्या त्यावरून धावतात. चंद्रपूरच्या लोहारा गावच्या लोखंडाची गत मात्र वेगळी झाली. १८८२ च्या एका अहवालात त्याची वाखाणणी वाचून जमशेदजी टाटांनी तिथे पोलादाचा कारखाना काढायचं मनात घेतलं होतं. पण वरोऱ्याचा कोळसा पोलादाला उपयोगी पडेना. पुढे त्यांचे पुत्र दोराबजी नागपूरच्या संग्रहालयात एक भूगर्भीय नकाशा बघून दुर्गकडे वळले आणि कारखाना शेवटी झारखंडात गेला. लोखंड होतं, कोळसाही होता, दोन्ही एकमेकांपासून लांबही नव्हते. तरी जमलं नाही. हा प्रसंग आठवला की मला आजही हळहळ वाटते.

तर तारसा. नागपूरला मुंबईची रेल्वे १८६७ मध्ये आली. तिथून पुढे छत्तीसगडकडे मीटरगेज लाईन १८८० च्या सुमारास पडू लागली. १८८७ नंतर बंगाल-नागपूर रेल्वेने ती घेऊन ब्रॉडगेज केली आणि कलकत्त्याशी जोडली. ही लाईन नेमकी मँगनीजच्या पट्ट्याच्या दक्षिणेने, समांतर जाते. म्हणजे टेकाडांची माळ वर, रेल्वे खाली, मध्ये १०-१५ मैलांची धानाची जमीन. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही कंपनी निघाली, १९०० च्या सुमारास मध्य प्रांताचा माल बाहेर जाऊ लागला, आणि ट्रामवे आली. जमीन, रेल्वे आणि परदेशातला बाजार या तिन्ही गोष्टी जुळून आल्या होत्या.

बाजार कसा? पोलाद करताना त्यात मँगनीज घालावंच लागतं, नाहीतर गंधकामुळे ते लाटताना फाटतं. युरोपला हा माल मुख्यतः रशियन साम्राज्यातल्या चियातुराहून, म्हणजे आजच्या जॉर्जियातून, मिळायचा. तिथेही डोंगरात आधी गाड्या-बैल होते आणि १८९० च्या दशकात नॅरोगेज लाईन पडल्यावरच खरा माल सुटला. १९०५ च्या रशियन क्रांतीत तिथलं काम विस्कटलं, भाव चढले आणि मध्य प्रांताच्या टेकाडांवर झुंबड उडाली. १९०७ मध्ये भारताचं मँगनीज उत्पादन ९ लाख टनांच्या आसपास गेलं. लगेच भाव कोसळले, आणि ज्यांच्याकडे रूळ होता ते तगले. बंड्यांवर अवलंबून असलेले कितीतरी छोटे पट्टेदार उठून गेले. त्याच काळात लुईस फर्मोर हा भूशास्त्रज्ञ या सगळ्या टेकाडांवरून फिरला. इथल्या मँगनीजयुक्त खडकाला त्याने ‘गोंडाइट’ नाव दिलं ते आपल्या गोंडांवरून. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत तो शब्द आहे. आपल्या शाळांत मात्र तो पोचलेला नाही, याचं मला वाईट वाटतं.

भंडाऱ्याच्या बाजूला गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. तिथे चिखला, डोंगरी बुजुर्ग, पुढे तिरोडी हे साठे मोठे आणि दीर्घायुषी निघाले. म्हणून तुमसर रोडपासून गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग करत तिरोडीला ब्रॉडगेज शाखाच गेली. खाणीच्या आतली छोटी लाईन फक्त डोंगरीपासून सायडिंगपर्यंत उरली. या शाखेने गावांनाही प्रवासी गाडी दिली. तारशाच्या ट्रामवेने मागे ठेवली ती फक्त पार.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. नागपूर-छिंदवाडा, नागपूर-नागभीड या छोट्या लाईनला, किंवा मूर्तिजापूर-यवतमाळ-अचलपूरच्या शकुंतलेला ट्रामवे म्हणू नका. त्या अडीच फुटी रुळाच्या, पण पुऱ्या रेल्वे होत्या: स्टेशनं, तिकीट, वेळापत्रक. शकुंतला तर कापसाची. छिंदवाड्याची छोटी लाईन २०१५ मध्ये आणि नागभीडची २०१९ मध्ये बंद झाली. त्यांच्या आठवणी ताज्या आहेत, म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात कधी कधी दोन्ही मिसळतात.

ट्रामवे संपली कशी, तर तीन बाजूंनी. पहिल्या महायुद्धानंतर मोटार लॉरी आली. पाच-दहा मैलांच्या वाटेला लॉरीला रूळ नको, रूळ सांभाळणारी गँग नको. कामठीच्या बाजूने रामटेकला ब्रॉडगेज शाखा झाली आणि मनसर-कांद्रीकडच्या मालाला जवळचं स्टेशन मिळालं. आणि १९३० नंतरच्या जागतिक मंदीत मँगनीजला गिऱ्हाईकच उरलं नाही, पुष्कळ खाणी बंद पडल्या. बंद लाईनचा रूळ जागेवर फार दिवस राहत नाही. तो कंपनी उचलते, नाहीतर गाव. उरलेल्या मोठ्या खाणींपैकी बऱ्याच पुढे जमिनीखाली गेल्या. १९६२ मध्ये सरकारने जुन्या ब्रिटिश कंपनीबरोबर भागीदारीत मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड, म्हणजे आजची मॉईल, काढली. १९७७ मध्ये ती पूर्ण सरकारी झाली. कांद्री, मनसर, बेलडोंगरी, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग ही नावं आजही तिच्या खाणींच्या यादीत आहेत.

आता तुमच्या वावरातल्या पारीकडे. ती कालव्याची की ट्रामची, हे असं तपासा. पेंचच्या पाटाच्या पाळीला एका अंगाला तरी पाण्याची चर असते, आणि चरीतली माती काढून पाळ केलेली असल्याने माथा बहुधा ओबडधोबड असतो. ट्रामची पार दोन्ही अंगांनी सारखी उतरती, माथा सपाट, आठ ते दहा फूट रुंद. ब्रॉडगेजला वीसेक फूट लागतात. शेतातून गेलेल्या पारीच्या दोन्ही बाजूंना थोड्या अंतरावर उथळ खड्ड्यांची रांग दिसेल, कारण भरीची माती तिथूनच उचललेली. तुमच्याकडे अशा खड्ड्यांना लोक बोडी, म्हणजे छोटं तळं, समजून वापरत असतील. वळण बघा. धुरा, म्हणजे शेताच्या हद्दीचा बांध, काटकोनात मोडतो, ट्रामची पार कुठेच मोडत नाही. ती हळूच वळते. आणि उतार मोजा. पाण्याची पारदर्शक नळी घ्या, २०० फुटांवर दोन काठ्या रोवा. फरक एक ते दोन फुटांच्या मधे आला आणि पुढच्या २०० फुटांतही तेवढाच आला, तर ती माणसाने भरल्या टबासाठी आखलेली लाईन आहे. पाटाला एवढा उतार कुणी देत नाही, पाणी माती कापून नेईल.

मग गावात लोखंड शोधा. काही वर्षांपूर्वी रामटेकजवळच्या एका गावात मी गोठ्याच्या दारावर तुळई म्हणून बसवलेला रूळ पाहिला. घरच्या आजीने परवानगी दिली. मी रॉकेलचा बोळा आणि तारेचा ब्रश घेऊन रुळाचं पोट घासलं आणि त्यावर ओला खडू आडवा फिरवला. आधी एक रेघ, मग उठावाची अक्षरं, मग आकडे दिसू लागले. रूळ लाटतानाच त्याच्या पोटावर कारखान्याचं नाव, साल आणि वजन उठवलेलं असतं. उंची मोजली, अडीच इंच. म्हणजे यार्डाला साधारण २० पौंडांचा. पौंडाचा आकडा निम्मा केला की मीटरला किती किलो ते निघतं, म्हणजे १० किलो. तारसा स्टेशनवरून आज धावणाऱ्या मुख्य लाईनचा रूळ ६० किलोचा असतो. आजीने विचारलं, “काय लिवलं हाय?” मी वाचून दाखवलं. तिने सुनेला हाक मारून दारात बोलावलं आणि ती अक्षरं पुन्हा वाचायला लावली.

टब सापडला तर त्याचा आकारही बोलतो. कोळशाचा टब मोठा आणि पेटीसारखा, कारण कोळसा हलका. मँगनीजचा टब लहान, बहुधा बाजूला कलंडणारा. त्याच मापाचा मोठा टब मँगनीजने भरला तर तो अडीचपट जड होऊन आस वाकवेल. गावात गुरांच्या पाण्याला ठेवलेली एखादी जाड पत्र्याची निमुळती, रिव्हेट मारलेली टाकी असेल तर तिच्या दोन टोकांना कलंडण्यासाठीचे लोखंडी कान आहेत का ते बघा.

कागद दोन. भारतीय सर्वेक्षण विभागाचा इंचाला मैल मापाचा जुना नकाशा. तुमचा भाग ५५ ओ या गटातल्या शीटांमध्ये येतो, आणि अशा नकाशांत ट्रामवेला वेगळी खूण असते. दुसरा, भूमी अभिलेख कार्यालयातला गाव नकाशा. त्यात तुमच्या गटातून जाणारी अरुंद पट्टी वेगळी काढलेली आहे का, सातबाऱ्यावर तेवढा पोटखराबा दाखवला आहे का, ते बघा. दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून पट्टी जुळली तर मला कळवा.

आणि एक विनंती, कळकळीची. त्या पारीत मुरूम चांगला निघतो, म्हणून कुणीतरी जेसीबी घेऊन येईलच. तुमच्या वावरापुरता निर्णय तुमचा आहे. पण त्याआधी धान कापून झाल्यावर, दिवाळीनंतर, सकाळी आठच्या आत तिथे जा. सूर्य खाली असतो तेव्हा पारीची आणि खड्ड्यांची सावली लांब पडते आणि जी वळणं दुपारी दिसत नाहीत ती दिसतात. आबाजींना बरोबर न्या. त्यांना बांधावर बसवून विचारा की त्यांचे वडील पारीवर कुठून चढायचे, मोरी कुठे होती, गाडीला काय जुंपलेलं असायचं. त्यांनी बोट दाखवलं तिथे खुंटी रोवा आणि त्या खुंटीपासून टेप धरून मोजायला सुरुवात करा.